तासाला सव्वा रुपया

"बाई, तुले सांगून ठेवतो, सरकारले कधी तासाचा भाव सांगजो नोको. सालाचा सांगजो."

शेजारच्या रुखमाबाईनं हे कौसल्याला चुलीपुढे बसून, हात शेकता शेकता सांगितलं होतं, आणि कौसल्या हसली होती. हसण्याचा तिला अधिकार होता. ती बी.ए. होती, तेही अर्थशास्त्र घेऊन, आणि घाटंजीच्या त्या आळीत तिच्याआधी कुठल्याही सुनेनं अर्थशास्त्राला हात लावलेला नव्हता.

"मावशी, तास सांगितला काय नि साल सांगितलं काय, गुणाकार केला की एकच होतं."

"होते वो माय. पन गुणाकार कोन करून राह्यलं, थे पाह्य आधी."

रुखमाबाईचा नवरा उकंडा विठ्ठलरावांकडे सालदार होता. पाडव्याला साल ठरायचं, चारशे रुपये आणि चार पोती ज्वारी, आणि त्या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत उकंडा विठ्ठलरावांचा. पहाटे बैलांची वैरण त्याची, दिवसा औत त्याचं, संध्याकाळी विठ्ठलरावांच्या पाहुण्यांचे पाय धुवायला पाणी त्याचं. "आज किती तास काम केलं?" असा प्रश्न उकंडाला कोणी विचारला असता तर तो आजारी माणसाकडे बघावं तसा बघत राहिला असता.

कौसल्याचं तसं नव्हतं. समाजमंदिरात बायांचा साक्षरता वर्ग दुपारी तीनला भरायचा नि चारला सुटायचा. तासाला सव्वा रुपया, रविवारी सुट्टी. महिन्याकाठी साडेबत्तीस रुपये हातात पडायचे. नवरा नागोराव अमरावतीला मास्तरकीचं ट्रेनिंग घेत होता. त्याला मिळणाऱ्या पंचवीस रुपयांतून त्याची खाणावळ कशीबशी भागायची. वर्षाची सगळी मिळकत सातशेच्याही आतच, हे कौसल्यानं मनातल्या मनात केव्हाच काढून ठेवलं होतं.

काढून ठेवायला कारण होतं. नलू दीड वर्षाची. गोवर येऊन गेल्यापासून पोरगी अशी वाळली होती की तिच्या मनगटातली काळ्या मण्यांची वाकी कोपरापर्यंत सरकायची. कौसल्या दिवसातून दहादा ती वाकी खाली ओढायची आणि दहादा बघायची की आज कालच्यापेक्षा वर तर जात नाही ना. डॉक्टर म्हणाले होते, "औषध नको हिला. रोज पेलाभर दूध द्या." हे ते अशा सहजतेनं म्हणाले, जणू दूध नळाला येतं.

आणि नेमकं त्याच महिन्यात बसस्टँडमागे सरकारी बालदुग्ध वाटप कार्यालय उघडलं. वार्षिक उत्पन्न नऊशेच्या आत असेल त्या घरच्या बालकाला रोज पेलाभर पावडरीचं दूध, फुकट. रुखमाबाईच्या नातवाचं नाव पहिल्याच दिवशी लागलं. कौसल्या दुसऱ्या दिवशी नलूला कडेवर घेऊन गेली.

कार्यालयाचे बडे बाबू नानाजी हे पापभीरू गृहस्थ होते. वय त्रेपन्न. टेबलावर दोन दौती, एक निळी नि एक लाल. निळी लोकांसाठी, लाल लोकांविरुद्ध. त्यांनी निळ्या दौतीत टाक बुडवला.

"उत्पन्न?"

"तासाला सव्वा रुपया," कौसल्या म्हणाली. खरं बोलायची तिला कॉलेजपासून खोड होती.

"इथं वार्षिक लिहाचं हाये बाई."

"मग काढा ना."

"काढतो." नानाजींनी चष्मा पुसला. "दिवसाचे तास किती?"

हा प्रश्न साक्षरता वर्गात ती स्वतः बायांना विचारायची. उत्तर तोंडातून आपसूक गेलं. "चोवीस."

"चोवीस सव्वा?"

"तीस."

"तीस रुपये रोज. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट." टाक कुरकुरला. "दहा हजार नऊशे पन्नास." नानाजी अर्धवट उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाईसाहेब, बसा ना. उभ्या कायले?"

कौसल्या बसली नाही. "अहो बडे बाबू, मी एकच तास शिकवते! तीन ते चार!"

"थो तुमच्या कामाचा प्रश्न झाला. आमचा प्रश्न दराचा हाये."

"पण दर एका तासाचा आहे."

"आनि रकाना सालाचा हाये. साल म्हंजे साल. विठ्ठलरावचा उकंडा सालावर हाये, थो चार वाजले म्हनून घरी जाते काय?" नानाजींनी हे रागावून नाही, शिकवल्यासारखं सांगितलं. "सालात दिवसही येते, रातही येते. आपल्या जिल्ह्यात तं बाप्पा सालाचा असाच हिशेब हाये. रात मी वगळली तं उद्या ऑडिटवाला इचारन, रात कोठी गेली?"

रात्र कुठे गेली याचं उत्तर कौसल्याजवळ होतं. रात्र नलूच्या छातीवर शेक देण्यात जायची. पण ते रकान्यात मावलं नसतं.

नलूचा अर्ज लाल दौतीत गेला.

प्रकरण इथं थांबलं असतं तर ते फक्त अन्यायाचं राहिलं असतं. पण कार्यालय कार्यक्षम होतं. आठवड्याभरात शिपाई लिफाफा घेऊन दारात आला. तालुक्यातल्या उत्पन्नांची प्रतवारी लावली असता श्रीमती कौसल्याबाई सर्वांत वर आल्या असून, प्रथेप्रमाणे सर्वांत संपन्न महिलेस दुग्धवाटप समितीचं मानद अध्यक्षपद देण्यात येत आहे. त्यांनी रोज सकाळी आठ वाजता उपस्थित राहून स्वहस्ते बालकांना दूध वाटावं. नकार दिल्यास तो उत्पन्न लपवण्याचा प्रयत्न समजला जाईल.

त्याच संध्याकाळी विठ्ठलराव धोतराचा सोगा सावरत अंगणात आले. साठ एकर कापूस, दोन विहिरी, आणि प्रतवारीत दुसरा नंबर.

"बाई, इचारू नये, पन इचारतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कोनता धंदा हाये?"

"अक्षरं शिकवते, काका. ग म भ न."

"थे तं झालंच. वरचा धंदा कोनता हाये?"

"वरचा काही नाही."

"नोको सांगू," विठ्ठलराव समजूतदारपणे म्हणाले. "मीही कोनाले सांगत नसतो." आणि जाताना, पहिल्यांदाच त्या आळीत, त्यांनी तिच्या हातचा चहा मागून घेतला. दहा हजारांच्या घरचा चहा कोणालाही चालतो, हे त्या दिवशी रुखमाबाईनं कुडाआडून पाहून ठेवलं आणि पुढं आठ दिवस सगळ्या आळीला करून दाखवलं.

दुसऱ्या दिवसापासून कौसल्या हारतुऱ्याच्या खुर्चीत बसून दूध वाटू लागली. समोर पोरांची रांग. कडेवर नलू. पेला पुढे गेला की नलूचा हात त्याच्यामागे जायचा, आणि शिपाई तो हात अदबीनं बाजूला सारायचा.

"अध्यक्षांच्या घरच्याले लाभ घेता येत नाई, बाईसाहेब. भ्रष्टाचार होते."

रांगेत रुखमाबाई नातवाला घेऊन उभी असायची. तिनं एकदा पेला नलूच्या तोंडाशी न्यायचा प्रयत्न केला. शिपायानं तोही अडवला. दूध ज्याच्या नावाचं त्यानंच, इथंच, समोर उभं राहून प्यायचं, असा नियम होता. लोक दूध घरी नेऊन चहात घालतात, अशी तक्रार चहावाल्यानं केली होती.

"अर्ज कर वरच्या सायबाले," रुखमाबाई फणकारली. "तुह्या कॉलेजात अर्ज नाई शिकवला का?"

वरचे साहेब म्हणजे पूनमसिंग. तरुण, इस्त्रीचे, न्यायी. न्यायी माणूस भेटला की भीती वाटावी, हे कौसल्याला त्या दिवशी कळलं.

"बाई, गुणाकारात चूक नाही," अर्ज वाचून ते म्हणाले. "मी स्वतः करून पाहिला. तुमचं म्हणणं, उरलेले तेवीस तास तुम्ही काम करत नाही?"

"नाही साहेब!"

"मग अगदी सोपं आहे. तेवीस बिनकामाचे तास सिद्ध करा, मी ते वजा करतो. बडे बाबू, घ्या लिहून."

नानाजींनी टाक उचलला. "पहाटे पाच ते सहा?"

"पाणी भरते. विहीर लांब आहे."

"पानी भरनं. काम," नानाजी लिहीत गेले. "सहा ते सात?"

"दळण. मग चूल."

"काम. सात ते आठ?"

"नलूची आंघोळ, धुणं."

"दोन कामं. आठ ते नऊ?"

"इथं दूध वाटते. तुम्हीच बोलावता."

"सरकारी काम," नानाजींनी अधोरेखित केलं.

असं करत ते दुपार ओलांडून संध्याकाळी आले, भाकऱ्या आल्या, भांडी आली, सासरच्या माणसांची पत्रं वाचून दाखवणं आलं, आळीतल्या चार बायांना सही गिरवून देणं आलं. कौसल्या प्रत्येक तासाशी आशेनं जायची आणि प्रत्येक तासात काही ना काही सापडायचं. शेवटी ती म्हणाली, "रात्री झोपते! झोप तर काम नाही?"

"सलग?" साहेबांनी विचारलं.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "नाही. हिला खोकला आहे. उठावं लागतं."

"शुश्रूषा," नानाजींनी लिहिलं. "काम."

साहेबांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा आदरानं भरून आला. "बाई, आम्हाला शंका होती. आता राहिली नाही. तुम्ही खरोखर चोवीस तास काम करता."

"पण त्याचे पैसे कोण देतं मला?"

"तो तुमच्या वसुलीचा प्रश्न झाला. आमचा प्रश्न उत्पन्नाचा."

घरी आल्यावर कौसल्या बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिली. नलूची वाकी कोपराच्या वर गेली होती. रडावं असं तिच्या मनात होतं, पण रडण्याचा तास कुठल्या सदरात पडेल या विचारानं तिला एकदम हसू आलं. आणि हसता हसता तिला अर्थशास्त्र आठवलं. गुणाकार त्यांच्या हातात होता. भागाकार अजून कोणी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती साक्षी म्हणून रुखमाबाईला घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, सूत्र सगळ्यांना सारखं ना?"

"अर्थात. कायद्यापुढे सगळे सारखे."

"मग बडे बाबूंचा पगार किती?"

"नव्वद रुपये महिना," नानाजी ताठ होत म्हणाले. "साल एक हजार ऐंशी. कायम."

"सालाचा पगार. सालात रात्र येते ना बडे बाबू?"

"येते," नानाजी म्हणाले, आणि आपण काय म्हटलं हे त्यांना जरा उशिरा उमगलं.

कौसल्यानं खडूनं पाटीवर भागाकार मांडला. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ. खाली उत्तर आलं, तसे नानाजी खुर्चीतून पुढे झुकले.

"बारा नवे पैसे नि वर चिल्लर," कौसल्या म्हणाली. "तासाला. मावशी, तुम्हाला निंदणाचं काय मिळतं?"

"दिवसाचा रुपया. आठ घंटे."

"म्हणजे साडेबारा पैसे तास."

रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावेना. "अवो बाप्पा! बडे बाबू, तुम्ही माह्याहूनही सस्ते! या ना मंग निंदाले. उद्या विठ्ठलरावच्या वावरात जागा हाये, मी सांगतो मुकादमाले."

"साहेब," नानाजी म्हणाले, "साहेबांचाही पगार..."

"माझ्या पगाराचा भागाकार यवतमाळला होतो," साहेब तत्परतेनं म्हणाले.

कौसल्याला वाटलं, आता डोळे उघडतील. सूत्र फाडून टाकतील, नलूचा अर्ज निळ्या दौतीत येईल. पण तिनं एक गोष्ट ध्यानात घेतली नव्हती. कार्यालयापुढे हास्यास्पद गोष्ट आणून ठेवली की कार्यालय हसत नाही, ते परिपत्रक काढतं.

"फार उपकार झाले," साहेब उभे राहून म्हणाले. "गुणाकार बरोबर आहे की नाही, हे भागाकारानं ताळा घेतल्याशिवाय कळत नाही. बाईंनी आमच्या सूत्राचा ताळा करून दिला. बडे बाबू, तुम्ही सालाचा पगार घेता?"

"घेतो, साहेब."

"आणि संध्याकाळी साडेपाचला कुठं जाता?"

"घरी... जातो."

"उकंडा जातो का?"

नानाजींनी टाक खाली ठेवला. उकंडाचा दाखला त्यांचाच होता.

मागच्या सगळ्या संध्याकाळी साहेबांनी मोठ्या मनानं माफ केल्या. पण उद्यापासून, लेखी हुकुमानं, नानाजी चोवीस तास कार्यालयात. साहेब स्वतः दौऱ्यावर निघाले. दौऱ्यात माणूस झोपला तरी दौराच चालू असतो, त्यामुळे त्यांची अडचण नव्हती.

नानाजींची वळकटी आली, तांब्या आला, अडकित्ता आला. त्यांच्या पत्नी भागीरथाबाई डबा घेऊन यायच्या, पण अभ्यागतांची वेळ अकरा ते एक, आणि ती वेळ नानाजींनीच ठरवलेली. म्हणून त्या खिडकीच्या गजांतून पोळ्या सरकवायच्या आणि म्हणायच्या, "इतक्या सालांत तुम्ही माह्याशी एवढं बसून बोलले नाई, जेवढं या खिडकीतून बोलून राह्यले."

आणि मग नानाजींना, बसल्या बसल्या, नियमांच्या पुस्तिकेत एक कलम सापडलं. ज्या व्यक्तीचं ताशी उत्पन्न शेतमजुराच्या ताशी मजुरीपेक्षा कमी, तिला वार्षिक उत्पन्न न पाहता दूध देणं कार्यालयावर बंधनकारक. 'व्यक्ती' असं लिहिलेलं होतं. वय लिहिणाऱ्याला सुचलं नव्हतं. नानाजी कर्तव्यदक्ष होते. आपल्यासारखा पात्र लाभार्थी समोर दिसत असताना त्याला वंचित ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी स्वतःचा अर्ज स्वतःकडे दिला, स्वतःला दोन हेलपाटे मारायला लावले, आणि तिसऱ्यांदा निळ्या शाईनं मंजूर केला.

पंचाईत पुढं झाली. वाटप केंद्र अंगणापलीकडे. नानाजींना खुर्ची सोडता येईना. शिवाय पावडरीच्या दुधानं त्यांचं पोट फुगायचं. आणि मंजूर दूध प्यायलं गेलं नाही तर नासाडीचा अहवाल, नासाडीला जबाबदार बडे बाबू.

त्या दिवशी कौसल्या वाटप संपवून हजेरीची सही करायला आत आली. नलू कडेवरून उतरली, टेबलाचा पाय धरून उभी राहिली आणि नानाजींचा अंगठा मुठीत पकडून चोखू लागली. नानाजींनी अंगठा काढून घेतला नाही. बराच वेळ ते त्या वाकीकडे बघत राहिले.

"ही एवढी वर काहून सरकते?"

"हात बारीक आहे ना," कौसल्या म्हणाली.

नानाजींनी दाराकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे. मग घसा खाकरून, लिहून घ्यावं अशा आवाजात म्हणाले, "बाई, लाभार्थी आजारपनामुळे किंवा शासकीय कामामुळे स्वतः येऊ शकत नसन, तं त्याच्या वतीनं प्रतिनिधी दूध पिऊ शकते. प्रतिनिधी अध्यक्षांच्या घरचा नसावा, असं मले कोठीही दिसून नाई राह्यलं. मी दोनदा पाह्यलं."

कौसल्यानं नलूला उचलून टेबलाजवळ धरलं.

"अंगठा लावा पोरीचा इथं," नानाजी म्हणाले. "लाळेनं ओलाच हाये."

तेव्हापासून नलू रोज सकाळी आठ वाजता, आईच्या हातून, बडे बाबू म्हणून पेलाभर दूध पिते. रुखमाबाई रांगेतून ओरडते, "बडे बाबू, मिशी पुसा!" आणि पोरं हसतात. दर महिन्याला केंद्रावर लाभार्थ्याचं वजन होतं. ते प्रतिनिधीचंच करावं लागतं, कारण लाभार्थी खुर्चीत. त्यामुळे सरकारदरबारी नोंद अशी आहे की नानाजी, वय त्रेपन्न, यांचं वजन दूध सुरू करताना सतरा पौंड होतं, ते आता एकोणीस झालं आहे; त्यांना दोन दाढा आल्या असून ते आधाराशिवाय चालू लागले आहेत. दौऱ्यावरून साहेबांनी शेरा पाठवला: 'प्रगती समाधानकारक. इतर कर्मचाऱ्यांनी आदर्श घ्यावा.'

वाकी आता मनगटावर थांबते. पण कौसल्याच्या जिवाला स्वस्थता नाही. ती रोज आधी नलूचा हात बघते, मग खिडकीतून नानाजींचा चेहरा. नलूचं दूध नानाजींच्या खुर्चीवर आहे. ते आजारी पडले, कंटाळले, किंवा एखाद्या संध्याकाळी शहाणपण सुचून सरळ घरी निघून गेले, तर पेला बंद. गेल्या आठवड्यात ते खोकत होते. तिनं आल्याचा काढा करून गजांतून दिला. आता तिला नागोरावकडे, अमरावतीला, चार दिवस जायचं आहे, मागं नलू रुखमाबाईकडे राहील, पण दिवसभर नानाजींकडे बघायला भरवशाचं माणूस नाही. भागीरथाबाईंचा भरवसा नाही. त्यांना नवरा घरी हवा आहे.

म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. घाटंजीच्या बाजाराला याल तेव्हा बसस्टँडमागे जरा डोकावा. दुसऱ्या खिडकीत नानाजी आहेत का, जेवले का, खोकला कसा आहे, एवढं बघा, आणि ते उठायला लागले तर गोड बोलून परत बसवा. मात्र तुम्ही स्वतः सालाच्या पगारावर असाल, तर निघण्याआधी साहेबांना विचारून निघा. ही गोष्ट तुम्ही आता कोणाच्या वेळात वाचलीत, याची चौकशी अजून व्हायची आहे.